रग्बी लीग : सामना नक्की कोणाच्या हातात असतो? क्लिअरी, थर्स्टन, जॉन्स की नऊ नंबरचा स्मिथ?

वेस्टमीडचा_वामन
क्रिकेटचे धागे इथे पाच-पाचशे प्रतिसादांवर जातात, रग्बी लीगवर मात्र एकही नाही. सिडनीच्या पश्चिमेला राहणाऱ्यांची या खेळापासून सुटका नसते. शेजारी पॅरामाटाचा झेंडा, ऑफिसात पेनरिथवाले, मुलांच्या शाळेत दोन्ही. म्हणून हा धागा.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. १३ विरुद्ध १३ खेळाडू, ८० मिनिटं. चेंडू हातात असताना तुम्हाला ६ टॅकल मिळतात. सहाव्यांदा अडवलं की चेंडू समोरच्यांचा. त्यामुळे पाच टॅकल झाले की शेवटच्या खेळीला बहुतेक वेळा किक मारायची. ती कुठे, किती उंच, कोणाच्या डोक्यावर, हे ठरवणारा माणूस म्हणजे सात नंबरचा हाफबॅक. जोडीला सहा नंबर आणि टॅकलनंतर चेंडू उचलणारा नऊ नंबर.

माझं मत सरळ मांडतो, मग हाणा. पेनरिथच्या नेथन क्लिअरीइतका सामन्यावर ताबा ठेवणारा सात नंबर माझ्या पाहण्यात नाही. काउबॉइजचा थर्स्टन जास्त थरारक, न्यूकासलच्या अँड्र्यू जॉन्सकडे कला जास्त. पण क्लिअरी खेळत असला की समोरच्या संघाला प्रत्येक वेळी आपल्याच गोलरेषेजवळून सुरुवात करावी लागते. तासभर हे झालं की त्यांचे पाय जड होतात. पेनरिथनं २०२१ ते २०२४ ऑस्ट्रेलियाच्या लीगचे लागोपाठ चार किताब घेतले, ते उगाच नाही.

तुमचा कोण, आणि का?

ढब्बू_मिरची
पहिली! पॉपकॉर्न घेऊन बसलेय. खेळ कळत नाही, पण भांडण कळतं.

निफाडकर
मी फक्त साधी रग्बी पाहिली आहे, ती पण बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेरून. ही वेगळी का?

लीड्सवाली
@निफाडकर, हो, वेगळी. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब जमले आणि जुन्या संघटनेतून फुटले. कामगार खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही, यावरून वाद होता. पुढे १५ चे १३ झाले, टॅकलनंतरची ढकलाढकली गेली. आमच्या यॉर्कशायरमध्ये आजही कोणाच्या घरी कुठली रग्बी, हे विचारून बोलावं लागतं.

टाउन्सव्हिलचे_अण्णा
वामनराव, तुमच्याबद्दल आदर आहे, पण चार किताब हे एकट्या सात नंबरचं काम नव्हे. तो संघच भक्कम होता.

ताबा म्हणजे काय ते २०१५ च्या अंतिम सामन्यात बघा. आमचे काउबॉइज विरुद्ध ब्रिस्बेन. ८० मिनिटं संपली, भोंगा वाजला, ब्रिस्बेन १६-१२ पुढे. चेंडू जमिनीवर गेला की खेळ खलास. थर्स्टननं दोघांना चकवून चेंडू जिवंत ठेवला आणि मायकल मॉर्गनला दिला. मॉर्गन उजव्या कडेला घुसला, पडता पडता मागे चेंडू सोडला आणि काइल फेल्टनं कोपऱ्यात ट्राय केला (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं, ४ गुण). १६-१६. आता ट्रायनंतरची २ गुणांची किक, तीही कडेवरून. जाईल असं वाटलं आणि खांबाला लागून परत आली! दुसरा कोणी असता तर तिथेच खचला असता. जादा वेळेत बेन हंटच्या हातून सुरुवातीचाच चेंडू निसटला, थर्स्टननं फील्ड गोल (चालू खेळात खांबांमधून किक, १ गुण) मारला, १७-१६. क्लबचा पहिला किताब. मी घरात एकटाच ओरडत होतो, बायकोनं खालून विचारलं कोण गेलं म्हणून.

ढब्बू_मिरची
अण्णा, आणि कोण गेलं ते सांगितलंत का वहिनींना?

टाउन्सव्हिलचे_अण्णा
ब्रिस्बेन.

जुना_प्रॉप
हे माझं वैयक्तिक मत, पण सगळा धागाच उलटा चाललाय. सात नंबर सामना चालवतो, हे टीव्हीवाल्यांनी रुजवलेलं आहे. आठ आणि दहा नंबरचे, पुढच्या फळीतले प्रॉप पहिले तीन टॅकल अंगावर घेऊन चाळीस मीटर पुढे नेतात, म्हणून क्लिअरीला निवांत किक मारायला मिळते. टॅकल झालेला माणूस चटकन उठून पायानं चेंडू मागे सरकवू शकला, तर बचावाला १० मीटर मागे जाऊन सावरायला वेळ मिळत नाही. तो वेग मिळाला की मीसुद्धा हाफबॅक दिसेन. नाही मिळाला तर जॉन्सलाही घाईघाईत लाथ मारावी लागते.

मुक्ता_न्यूकासल
@जुना_प्रॉप, अर्धंच बरोबर. तो प्रॉप कुठे जाऊन धडकणार, हे कोण सांगतं?

मी न्यूकासल नाइट्सची, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. १९९७ चा अंतिम सामना मॅनलीविरुद्ध. त्याच वर्षी इथला पोलादाचा कारखाना बंद होणार असल्याचं जाहीर झालेलं, गावाचा मूड आधीच उतरलेला. जॉन्स फुप्फुसाची इजा घेऊन उतरला होता. १६-१६, शेवटचे काही सेकंद. सगळं मैदान फील्ड गोलची वाट बघतंय, मॅनलीचे बचावपटू किक अडवायला मधे धावले. जॉन्स स्वतः डमी हाफला (टॅकलनंतर चेंडू उचलायच्या जागी) गेला, चेंडू उचलला आणि कोणी बघत नव्हतं त्या अरुंद बाजूनं पळाला. आत डॅरेन अल्बर्टला पास, ट्राय, २२-१६. आमचा पहिला किताब.

यात ताबा कुठे? तर समोरचे तेरा जण कशाची वाट बघतायत हे ओळखून त्यानं नेमकी दुसरी गोष्ट केली. क्लिअरी त्यांना दमवतो. जॉन्स त्यांना चुकीच्या जागी उभं करायचा.

सांगलीचा_रेडर
मला यात कबड्डी दिसते. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो असते. चांगला रेडर पहिल्या दोन रेडमध्ये नुसता फिरून येत नाही, कोपऱ्यातला कुठे सरकतो ते बघून ठेवतो आणि तिसरीला तिथेच हात घालतो. तुमच्या पहिल्या चार टॅकलमध्ये हाफबॅक हेच करत असणार ना?

वेस्टमीडचा_वामन
@सांगलीचा_रेडर, वा! नेमकं हेच. हे टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूबरोबर पळतो. गोलखांबांच्या मागे, वरच्या रांगेत तिकीट घ्या. स्वस्तही असतं. चेंडूकडे न बघता फक्त सात नंबरकडे बघा.

मी क्लिअरीला असं पाहिलंय. पहिला टॅकल होताना तो चालत असतो, पळत नाही. दुसऱ्याला हात लांब करून मधल्या धडक देणाऱ्या फॉरवर्डला थोडं डावीकडे बोलावतो. तिसऱ्याला मान वळवून समोरचा फुलबॅक (सगळ्यात मागचा खेळाडू) कुठे उभा आहे ते बघतो, दोन्ही कडांचे विंगर किती मागे आहेत ते बघतो. चौथा टॅकल त्याला मैदानाच्या मधोमध हवा असतो, कारण मधून किक दोन्हीकडे मारता येते. म्हणजे किक पाचव्यानंतर बसते, पण ठरलेली असते दुसऱ्याला. आणि त्याची ती उंच किक हवेत अशी डगमगते की खाली उभा राहिलेला पकडायला गेला तरी तोल जातो.

@जुना_प्रॉप, प्रॉपचं श्रेय कोणी काढून घेत नाही. पण चाळीस मीटर कुठल्या दिशेनं, हे तोच सांगतो.

जुना_प्रॉप
दिशा दाखवायला बोट पुरतं, जायला बरगड्या लागतात.

ढब्बू_मिरची
हे शर्टावर छापा कोणीतरी.

काथ्याकूट
मला वामनरावांच्या मूळ विधानावरच शंका आहे. क्लिअरीचा सगळ्यात गाजलेला सामना कुठला? २०२३ चा अंतिम, ब्रिस्बेनविरुद्ध. मध्यंतराला पेनरिथ ८-६ पुढे. मग दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच एझ्रा मॅमनं लागोपाठ तीन ट्राय करून २४-८ केले. तेव्हा क्लिअरी मैदानावरच होता ना? मग कुठे होता ताबा? शेवटी २६-२४ जिंकले म्हणून आपण म्हणतो सामना त्याच्या हातात होता. हरले असते तर हाच धागा मॅमवर निघाला असता. निकाल बघून ताबा चिकटवायचा, याला माझा आक्षेप आहे. माझ्या मते तो सामना त्यानं सोडवला, चालवला नाही.

टाउन्सव्हिलचे_अण्णा
काथ्याकूट यांना जोरदार अनुमोदन. (माझ्या २०१५ ला हा आक्षेप लागू नाही. का ते विचारू नका.)

वेस्टमीडचा_वामन
@काथ्याकूट, आक्षेप चांगला आहे, उत्तर देतो.

त्या सामन्यात त्याचा नेहमीचा जोडीदार जरोम लुआई खांदा दुखावून बाहेर गेला होता. २४-८, वीसेक मिनिटं उरलेली. इतर हाफबॅक अशा वेळी प्रत्येक चेंडूवर काहीतरी अचाट करायला जातात आणि चेंडू घालवतात. क्लिअरीनं घाई केली नाही. आधी स्वतः फट शोधून घुसला, त्यातून मोझेस लिओटाचा ट्राय. मग ४०/२० मारली. (नवख्यांसाठी: आपल्या ४० मीटरच्या रेषेमागून मारलेली किक मैदानात एक टप्पा पडून समोरच्यांच्या शेवटच्या २० मीटरमध्ये कडेबाहेर गेली, तर चेंडू परत मारणाऱ्या संघालाच. जमलं तर घबाड, चुकलं तर चेंडू समोरच्यांना आंदण.) त्यातून स्टीफन क्रायटनचा ट्राय. आणि शेवटची चार मिनिटं राहिली असताना बचाव चिरून स्वतःचा ट्राय, वर स्वतःच मारलेली किक.

आता बघा, ४०/२० ही हताश माणसाची किक नाही. समोरचा विंगर पुढे सरकलाय हे आधी दिसावं लागतं. १० गुणांनी मागे असताना ज्याला विंगरची जागा दिसते, तो सामना अजून चालवतोय असंच मी म्हणेन. गुणफलक काहीही म्हणो.

काथ्याकूट
मुद्दा मांडलात छान. पटला नाही. मॅमचे तीन ट्राय अजून बाकी आहेत.

लीड्सवाली
सगळे ऑस्ट्रेलियातच अडकलात. इकडे रॉब बरो होता. उंची पाच फूट पाच इंच, लीगमधला सगळ्यात छोटा माणूस, समोर शंभर-शंभर किलोचे. २०११ चा सुपर लीगचा (इंग्लंडातली लीग) अंतिम सामना, ओल्ड ट्रॅफर्ड, सेंट हेलेन्सविरुद्ध. राखीव म्हणून आला आणि मधूनच एकटा सुटला, एकाच्या हाताखालून, मग दोघांच्या मधून, आणि थेट ट्राय. लीड्स ३२-१६ जिंकली. तुमच्या व्याख्येत तो बसणार नाही वामनदादा, तो सामन्याला दिशा वगैरे देत नव्हता. पण तो उतरला की दमलेले फॉरवर्ड त्याच्याकडेच बघत बसायचे, आणि बाकीच्यांना मोकळी जागा मिळायची. नुसत्या धास्तीनं सामना फिरवता येतो.

मोटर न्यूरॉनच्या आजारानं तो २०२४ च्या जूनमध्ये गेला. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफिल्ड त्याच्यासाठी मॅरेथॉनमागून मॅरेथॉन धावत होता. इथल्या रस्त्यांवर थंडीत लोक उभे राहायचे त्याला बघायला. लीग म्हटलं की मला आधी तेच आठवतं.

मुक्ता_न्यूकासल
🙏

सांगलीचा_रेडर
पाच फूट पाच? मग आमच्या गल्लीतले निम्मे लीगमध्ये चालतील.

टाउन्सव्हिलचे_अण्णा
जाता जाता, छोट्यांचा विषय निघालाच आहे तर ॲलन लँगर. २००१ ची स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स ही तीन सामन्यांची मालिका, १-१ बरोबरी. लँगर तेव्हा इंग्लंडात वॉरिंग्टनकडून खेळत होता, पस्तिशीच्या दाराशी आलेला, ओरिजिनमधून केव्हाच निवृत्त. प्रशिक्षक वेन बेनेट यांनी त्याला गुपचूप विमानानं बोलावलं. ब्रिस्बेनला क्वीन्सलंड ४०-१४ जिंकलं. अर्धं जग ओलांडून आलेला माणूस, आणि संघ त्याच्या इशाऱ्यावर नाचला.

निफाडकर
वाचतोय. एक शंका. शीर्षकात नऊ नंबरचा स्मिथ आहे, त्याच्यावर कोणीच बोललं नाही.

जुना_प्रॉप
शाबास निफाडकर! खेळ न बघता सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्हीच विचारलात.

कॅमेरॉन स्मिथ. मेलबर्न स्टॉर्म, ४३० सामने, चारशेचा टप्पा गाठणारा पहिलाच. दिसायला बँकेतला कारकून. ना वेग, ना दणकट बांधा. पण प्रत्येक टॅकलनंतर चेंडू उचलतो नऊ नंबर. सात नंबरकडे चेंडू येईपर्यंत पहिला निर्णय झालेला असतो: डावीकडे की उजवीकडे, आता की अर्ध्या सेकंदानं, पास की स्वतः दोन पावलं पळून बचावपटूला खिळवायचं. स्मिथ हे वर्षानुवर्षं न चुकता करत राहिला.

आणि बचावात? टॅकल केल्यावर समोरच्याला उठायला किती वेळ लागू द्यायचा, हेही तोच ठरवायचा. पंच ओरडेपर्यंत एक श्वास जास्त. समोरचे पेटलेत असं दिसलं की खेळ मंद, आपले पेटलेत की जलद. घड्याळ पंचांच्या हातात असतं म्हणतात, तेव्हा ते स्मिथच्या खिशात असायचं. पंचांशी इतक्या गोडीनं बोलायचा की निम्मे लोक त्याचा राग राग करायचे. मीही करायचो. २०२० चा अंतिम सामना पेनरिथविरुद्ध २६-२० जिंकून थांबला. त्या दिवशी समोर तुमचा क्लिअरीच होता, वामनराव.

वेस्टमीडचा_वामन
माहीत आहे. मीठ चोळू नका. त्याच्या पुढच्या वर्षापासून चार घेतले ना.

मुक्ता_न्यूकासल
जुन्या प्रॉपनं इतकं लांब लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

स्मिथ मान्य. पण स्मिथच्या बाजूला हाफबॅक क्रॉन्क, मागे फुलबॅक स्लेटर, आणि क्वीन्सलंडच्या जर्सीत थर्स्टनसुद्धा. त्या क्वीन्सलंडनं २००६ पासून आमच्या न्यू साउथ वेल्सचं काय केलं ते सांगायला नको. लागोपाठ आठ मालिका. त्याच्या आदल्या वर्षी, २००५ मध्ये, पहिला सामना हरलेल्या संघात जॉन्स परत आला. गुडघ्यानं २००४ चा हंगाम खाल्लेला, मग जबडा मोडलेला. दुसरा सामना ३२-२२, तिसरा ब्रिस्बेनला ३२-१०. संघातला सगळ्यात मोठा बदल सात नंबरचा. एका माणसानं काय फरक पडतो हे मोजायचं असेल तर यापेक्षा स्वच्छ उदाहरण दाखवा.

काथ्याकूट
हे उदाहरण मात्र मला मान्य. निकाल बघून चिकटवलेलं नाही, आधीचा सामना शेजारी आहे.

टाउन्सव्हिलचे_अण्णा
२००६ पासूनचं सांगायला नको म्हणता, मी आनंदानं सांगीन. पण एकच. २०१७, दुसरा सामना, सिडनी. पहिल्या सत्रात खांदा निकामी झालेला थर्स्टन मैदान सोडत नाही. १६-६ ची पिछाडी भरत आणली, शेवटी गगाईचा ट्राय, १६-१६. कडेवरून किक. या वेळी खांब आडवा आला नाही. १८-१६. त्याचा तो शेवटचा ओरिजिन सामना ठरला.

पॅराचा_पांडू
पॅरामाटाचं कोणी नाव काढेना म्हणून आलो. पीटर स्टर्लिंग! १९८६ चा अंतिम, कॅंटरबरीविरुद्ध ४-२. दोन्ही बाजूंनी एकही ट्राय नाही, सगळा खेळ कडक टॅकल आणि लांब किकचा. सामनावीर स्टर्लिंग, क्लाइव्ह चर्चिल पदकाचा पहिला मानकरी. ट्राय नसलेल्या सामन्यात हाफबॅक सामनावीर ठरतो, याहून ताब्याचा पुरावा कोणता? आता मिचेल मोझेस आहे, किक क्लिअरीच्या तोडीची.

ढब्बू_मिरची
१९८६ नंतर किती किताब, पांडूभाऊ?

पॅराचा_पांडू
विषय ताब्याचा आहे. अवांतर नको.

लीड्सवाली
😂😂

निफाडकर
बरं, मला एकच सामना सुचवा. गोष्टी सगळ्यांच्या छान आहेत, पण वामनराव म्हणाले तसं चेंडू सोडून माणसाकडे बघायचं तर कुठला बघू?

जुना_प्रॉप
२०१८ चा अंतिम. सिडनी रूस्टर्स विरुद्ध मेलबर्न स्टॉर्म. कूपर क्रॉन्क स्टॉर्म सोडून रूस्टर्सकडे आलेला, समोर जुना दोस्त स्मिथ. आठवडाभर आधी क्रॉन्कच्या खांद्याच्या पात्याचं हाड मोडलं होतं. मोडलेलं म्हणजे खरंच मोडलेलं, खेळणार यावर कोणाचा विश्वास नव्हता. खेळला.

वेस्टमीडचा_वामन
हो, तोच बघा. पूर्ण सामना बघा, ठळक क्षणांत क्रॉन्क सापडणारच नाही.

निफाडकर
काल रात्री पाहिला. नियम निम्मेच कळले. तरी लिहितो.

सुरुवातीला मला वाटलं हा माणूस खेळतच नाहीये. चेंडू जवळजवळ घेतच नव्हता. घेतला तर लगेच पुढे द्यायचा. एक हात शरीराला धरून, दुसऱ्या हातानं सारखं काहीतरी दाखवत चालायचा. मग मी चेंडूकडे बघणं सोडलं. बचावात असताना तो शेजारच्याला ढकलून दोन पावलं सरकवतो, आणि पुढचा स्टॉर्मचा माणूस नेमका तिथेच येऊन आपटतो. हे एकदा झालं तर योगायोग, पण पहिल्या सत्रात सारखंच होत होतं. मध्यंतराला १८-०. शेवटी २१-६.

पण मग माझा प्रश्न असा. त्या सामन्याचं पदक मिळालं सहा नंबरच्या ल्यूक कीअरीला. धावला तो, पास त्याचे, किक त्याच्या. क्रॉन्कनं नुसतं सांगितलं. मग त्या रात्री सामना कोणाच्या हातात होता?

मुक्ता_न्यूकासल
कीअरीच्या. सांगून करता आलं पाहिजे ना.

जुना_प्रॉप
क्रॉन्कच्या. कीअरी मोकळा होता, कारण बाकी सगळं डोकं दुसरा वापरत होता.

काथ्याकूट
स्मिथ दुसऱ्या बाजूला होता हे विसरू नका. त्याचं घड्याळ त्या दिवशी चाललं नाही. म्हणजे जुना_प्रॉप यांच्या प्रतिसादातला खिसा फाटका निघाला. चर्चा तिथून पुढे न्या.

जुना_प्रॉप
सोबत्यांनी टॅकल चुकवले तर घड्याळ काय करणार? संध्याकाळी लिहितो सविस्तर, आता शिफ्टला निघालोय.

ढब्बू_मिरची
लिहा लिहा. पॉपकॉर्न संपले, चिवडा काढलाय.